लोक काय म्हणतील आणि देव काय म्हणेल

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



भाषण करण्याची माझी ही पहिलीच वेळ. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सातवीनंतर हातातली वही सुटली आणि लाटणे आले, ते अजून हातात आहे. तेव्हा बोलण्यात काही चुकले-माकले तर आपलीच म्हणून पदरात घ्या, एवढी विनंती सुरुवातीलाच करते.

यंदा प्रत्येकीने एका थोर स्त्रीविषयी बोलायचे असे मंडळाने ठरवले आणि चिठ्ठ्या टाकल्या. कोणाला जिजाबाई आल्या, कोणाला अहिल्याबाई, कोणाला सावित्रीबाई. माझ्या चिठ्ठीत पंडिता रमाबाई निघाल्या. खरे सांगते, मी थोडी हिरमुसले. शेजारच्या काकू तर लगेच म्हणाल्या, "अगं, त्या तर ख्रिस्ती झाल्या होत्या. चिठ्ठी बदलून घे. उगाच लोक काय म्हणतील?"

मीही बदलून घेणारच होते. पण वाचनालयातून चरित्र घरी आलेच होते, म्हणून रात्री भांडी आवरल्यावर दोन पाने चाळायला बसले. दोनाची वीस झाली, दूध विरजायचे राहून गेले. आणि वाचता वाचता मनात आले, की आपण जो प्रश्न उठता-बसता विचारतो, 'लोक काय म्हणतील', तो प्रश्न या बाईने आपल्या कामाच्या आड कधी येऊ दिला नाही. म्हणून चिठ्ठी बदलली नाही.

मी ख्रिस्ती नाही. माझ्या देव्हाऱ्यात अंबाबाई आहे, जोतिबा आहे, आणि ते तिथेच राहणार आहेत. पण चार माणसांच्या पुढे चालणाऱ्याने शाबासकी कोणाची घ्यावी, माणसांची की देवाची, हा प्रश्न काही एका धर्माचा नाही. तो देवळात आहे, मठात आहे, चर्चमध्ये आहे आणि आपल्या मंडळातही आहे.

आता रमाबाईंची हकिकत थोडक्यात सांगते. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई त्या निराळ्या. या रमाबाई डोंगरे. जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री मोठे विद्वान. त्यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवले, एवढ्यावरून त्यांना पंडितांपुढे जाब द्यावा लागला. रमाबाई आईपाशीच संस्कृत शिकल्या. हे कुटुंब तीर्थे करीत आणि पुराण सांगत देशभर फिरे. पुढे दुष्काळ पडला. आई, वडील आणि थोरली बहीण थोड्याच काळात गेली. उरलेली दोन भावंडे अर्धपोटी, पायी चालत कुठल्या कुठे फिरली.

1878 साली ती कलकत्त्याला पोहोचली. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृतात बोलते हे पाहून तिथले पंडित थक्क झाले. त्यांनी तिला 'पंडिता' म्हटले, 'सरस्वती' म्हटले. 1880 साली भाऊही गेला. त्यानंतर त्यांनी बिपिनबिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी दुसऱ्या जातीत लग्न केले. दोन वर्षेही झाली नाहीत तोच पटकीने पती गेले. कडेवर वर्षाच्याही आतली मुलगी, मनोरमा. 1882 साली त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला आणि पुण्याने त्यांना डोक्यावर घेतले. वैद्यकी शिकावी म्हणून 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. कानाने कमी ऐकू येई म्हणून वैद्यकी राहिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि डोक्यावर घेणाऱ्यांनी त्यांना खाली टाकले.

बायांनो, लोकांची स्तुती ही शेजारणीकडून आणलेली उसनी साखर आहे. गोड खरी, पण ती कधी परत मागेल याचा नेम नाही.

तुम्हांला वाटेल, आपली माणसे सुटली तरी गोऱ्या पाद्र्यांच्या तरी त्या लाडक्या झाल्या असतील. तेही झाले नाही. ज्या धर्मभगिनींच्या आश्रमात त्या राहत होत्या, त्यांची अपेक्षा होती की नव्याने आलेल्या बाईने सांगितले तेवढे मानावे. रमाबाई प्रश्न विचारीत. पटले नाही ते पटले नाही म्हणून पत्रांतून स्पष्ट लिहीत. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. तेव्हाही त्या दबल्या नाहीत. एका पुरोहितवर्गाचे जू मानेवरून उतरवले ते दुसऱ्याचे चढवून घेण्यासाठी नव्हे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख असे. मांसाहार त्यांनी तिथेही केला नाही. म्हणजे ज्यांच्या धर्मासाठी घरचे तुटले, त्यांच्याही मर्जीसाठी त्या वाकल्या नाहीत.

पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी हिंदू विधवांची स्थिती तिथल्या लोकांना सांगितली, मदत उभी केली, आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. दुसऱ्या वर्षी ते पुण्याला नेले. त्या काळची विधवा म्हणजे केशवपन केलेली, आलवणात गुंडाळलेली, घरात राबणारी आणि शुभकार्याला नको असलेली. अशा मुली तिथे शिकू लागल्या. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई. याच पुढे 1893 साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या.

सदनात कोणत्याही धर्माची शिकवण द्यायची नाही असे ठरले होते. मुलींना आपापल्या जातीचे आचार पाळण्याची मोकळीक होती. सल्ला द्यायला न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसे होती. रमाबाई स्वतःपुरती आपल्या खोलीत प्रार्थना करीत. पण त्यांच्या खोलीचे दार मुलींना कधी बंद नसे. काही मुली प्रार्थनेच्या वेळीही येऊन बसू लागल्या. पुण्यात गवगवा झाला. 'केसरी'ने कडक टीका केली. 1893 साली सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि कित्येक पालक मुलींना घरी घेऊन गेले.

या ठिकाणी मी थांबले आणि विचार केला. रानडे-भांडारकर काही वाईट माणसे नव्हती. विधवांसाठी त्यांनी स्वतः पुष्कळ सोसले होते. त्यांच्या भरवशावर पालकांनी मुली पाठवल्या होत्या, तेव्हा त्यांनाही उत्तर देणे होते. त्यांची बाजू खोटी म्हणवत नाही. पण रमाबाईंपुढे वाट सोपी होती: दार लावून घ्यायचे. दार लावले असते तर कदाचित सल्लागार राहिले असते, मुली राहिल्या असत्या, नावही राहिले असते. त्यांचे म्हणणे असे, की मी कोणावर बळजबरी करणार नाही. पण माझी श्रद्धा चोरासारखी लपवणारही नाही. निम्मे सदन रिकामे होताना दिसत असूनही त्यांनी दार उघडे ठेवले.

1897 साली पुण्यात प्लेग आला. सरकारी प्लेग-इस्पितळात नेलेल्या आपल्या एका मुलीच्या बाबतीत जे घडले, त्याविषयी रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिले. सरकार ख्रिस्ती, गव्हर्नर ख्रिस्ती. आपल्याच धर्माच्या राज्यकर्त्यांना दुखवू नये असे एखादीला वाटले असते. यांना ते वाटले नाही. गव्हर्नरांनी पत्र खोटे ठरवले, बाई मागे हटल्या नाहीत. गंमत पाहा, त्याच सरकारने पुढे 1919 साली त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. पत्र लिहिताना त्यांची नजर पदकावर असती, तर ते पत्र लिहून झालेच नसते.

तोवर पुणे-सोलापूर रस्त्यावर केडगावला त्यांनी जमीन घेतली होती. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तीनएकशे उपाशी मुली-बायका घेऊन आल्या. भूक काय असते ते त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते. 1900 सालच्या दुष्काळात आणखी आल्या. 'मुक्ती' असे त्या जागेचे नाव. तिथे जात विचारली जात नसे. विणकाम, तेलाचा घाणा, गुरे, शेती, छापखाना, सगळे बायका चालवीत. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवीत. ती संस्था आजही चालू आहे.

अखेरच्या वर्षांत रमाबाईंनी एकच ध्यास घेतला. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून सबंध बायबल मराठीत आणायचे, आणि तेही साध्या बाईला कळेल अशा मराठीत. ज्या संस्कृतने त्यांना 'पंडिता' केले, त्या संस्कृतचे जड शब्द त्यांनी मुद्दाम बाजूला ठेवले. विद्वानांनी माना डोलवाव्यात म्हणून कोणी असे करीत नाही. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक, चाळिशीची. आई काम करीत राहिली, आणि 5 एप्रिल 1922 रोजी तीही गेली. मुक्तीतल्या बायकांनी जुळवलेल्या खिळ्यांनी ते सबंध पुस्तक 1924 साली छापून पुरे झाले. शाबासकी घ्यायला त्या नव्हत्या. मला वाटते, त्यांनी ती आधीच दुसरीकडे मागून ठेवली होती.

असेच दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या साताऱ्याचे आहे. कवी नारायण वामन टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. आप्तांनी टाकले, पण मिशनमध्ये मान मिळाला, पगार मिळाला. तरी 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दोन वर्षांतच, 1919 साली, त्यांचे देहावसान झाले. पगाराची नोकरी सोडून निघालेल्या नवऱ्याचा संसार लक्ष्मीबाईंनी कसा रेटला असेल, हे आपल्यासारख्या घर चालवणाऱ्या बायकांनाच उमजेल. लक्ष्मीबाईंचेही शाळेचे शिक्षण जवळजवळ नव्हतेच, तरी 'स्मृतिचित्रे' त्यांनीच लिहिली.

आता कोणी म्हणेल, "हट्टी माणूसही म्हणतोच की देव माझ्या बाजूला आहे." खरे आहे. गावोगाव असे पुढारी आपण पाहतो. मग ओळखायचे कसे? माझ्या अडाणी बुद्धीला एवढे सुचते. हट्टी माणसाच्या हट्टाची किंमत दुसरे भरतात, आणि जो देवाला उत्तर देतो तो किंमत आधी स्वतः भरतो. रमाबाईंनी भरली. आपल्याकडे गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीपाशी उभा असतो ना, त्याला आठवा. रस प्यायला आलेली माणसे भोवती बोलत असतात, कोणी त्याची तारीफ करतो, कोणी नावे ठेवतो. तो कोणाशी भांडत नाही. त्याची नजर काहिलीवर असते. एक क्षण नजर हटली तर गूळ बिघडतो, आणि बिघडलेला गूळ तारीफ करणारे विकत घेत नाहीत.

इथवर मी रमाबाईंचे सांगितले. आता स्वतःचे सांगायचे आहे. ते सांगू की नको, यात माझे आठ दिवस गेले.

माझ्या थोरल्या जाऊबाई तुमच्यापैकी अनेकींना माहीत आहेत. भाऊजी गेल्याला आता बरीच वर्षे झाली. त्यांच्यासारखे तिळाचे लाडू आमच्या गल्लीत कोणाला जमत नाहीत. एका संक्रांतीला हळदी-कुंकवाची यादी करण्याचे काम माझ्याकडे होते आणि लाडूंचे कामही मी अंगावर घेतले होते. दोन दिवस जाऊबाई पाट्यावर... नाही, खोटे कशाला सांगू, आता मिक्सर आहे. पण पाक त्यांनीच केला, चटके त्यांनीच सोसले, दोनशेच्या वर लाडू वळून डबे भरून दिले. आणि मी जी यादी केली, तिच्यात त्यांचे नाव नव्हते.

मला कोणी नाव घालू नको असे सांगितले नव्हते. मंडळाचा तसा नियम नाही. मीच मनाशी म्हटले, लोक काय म्हणतील? संध्याकाळी मी नवी साडी नेसून निघाले तेव्हा त्या स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या. माझी मुलगी तेव्हा लहान होती. ती म्हणाली, "आई, मोठ्या आईचे लाडू चालतात, मग मोठी आई का चालत नाही?" मी तिला गप्प केले. पोरीचे तोंड बंद करता आले, प्रश्न बंद करता आला नाही.

मग मे 2022 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की पती गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे हे बंद. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून हेरवाडचा कित्ता इतर गावांनीही गिरवावा असे सांगितले. वर्तमानपत्रात वाचून मला धीर आला. पुढच्या संक्रांतीला मी जाऊबाईंना हाताला धरून घेऊन गेले. दोघी-चौघी लवकर उठून गेल्या, एक-दोघींनी तोंडे फिरवली. पण बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणी फोटो काढला, तो मोबाईलवर सगळीकडे फिरला. "तुम्ही फार धाडस केले," असे मला दहा जणींनी म्हटले. रात्री झोपायच्या आधी मी पुन्हा पुन्हा तो मोबाईल उघडून आणखी कोणी काय म्हटले ते पाहत होते.

जाऊबाई अंथरूण घालत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि अगदी साध्या आवाजात विचारले, "मला नेलंस ते माझ्यासाठी, का तुझी वाहवा व्हावी म्हणून?"

भगिनींनो, मला उत्तर देता आले नाही. पहिल्या वर्षी लोक नावे ठेवतील म्हणून मी त्यांना घरी ठेवले आणि दुसऱ्या वर्षी लोक नाव घेतील म्हणून पुढे नेले. दोन्ही वेळा माझी नजर लोकांवर होती, जाऊबाईंवर नव्हती. भीती आणि हाव या दोन सख्ख्या बहिणी आहेत, हे त्या रात्री कळले. त्यांचे माहेर एकच.

म्हणून रमाबाईंची गोष्ट मला लागली. टीकेला न डरणारी माणसे पुष्कळ असतात. पण कलकत्त्याच्या स्तुतीने जी फुगली नाही आणि पुण्याच्या रागाने जी मोडली नाही, ती बाई दुर्मीळ. विधवा मुलीला उराशी धरताना तिने उजवीकडे-डावीकडे पाहिले नाही, कोण पाहते आहे म्हणून. तिचा देव पाहत होता, तेवढे तिला पुरे झाले. तिचा देव माझ्या देव्हाऱ्यात नाही, पण माझी अंबाबाईही पाहतेच की. तिला फोटो दाखवावा लागत नाही.

आता येत्या संक्रांतीची यादी व्हायची आहे. माझी मंडळाला एक विनंती आहे. यादी घरांप्रमाणे करावी. त्या घरातल्या सगळ्या बायकांना बोलवावे. कोण कशी, हे विचारू नये. ज्यांना हे पटत नसेल त्यांच्यावर राग धरू नये. त्यांनाही बोलावणे जावे. आणि ज्या पहिल्यांदा येतील त्यांना व्यासपीठावर बसवू नये, नारळ देऊ नये, फोटो काढू नये. आपल्या ओळीत, आपल्या शेजारी बसवावे, इकडच्या तिकडच्या चार गप्पा माराव्यात आणि लाडू कसा झाला ते विचारावे.

माझ्या जाऊबाई आज मागच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना विचारूनच हे सांगितले आहे. त्या म्हणाल्या, "सांग. पण लवकर आटप, मला घरी जाऊन दूध विरजायचं आहे."

तेव्हा आटपते.